मांजरापासून कुंडी वाचवण्याचे खात्रीशीर उपाय

माती ज्याच्या पायाखाली असते त्याची नसते; ती ज्याच्या पंजाखाली असते त्याची असते. मोठमोठी राज्यं हे विसरली आणि बुडाली. आमचं घर विसरू शकत नाही, कारण आमच्या घरात मांजर आहे आणि ते रोज सकाळी आठवण करून देतं.

कुंडी ही माणसाची एक थोर कल्पना आहे. धरणीएवढ्या अफाट वस्तूतून ओंजळभर काढून घ्यायची, तिला बूड आणि काठ द्यायचे, आणि म्हणायचं, ही आमची. मांजराला ही कल्पना मुळातूनच मान्य नाही. बूड आणि काठ असलेली माती म्हणजे कोणीतरी आपल्यासाठी वाढून ठेवलेलं ताट, अशी त्याची समजूत आहे, आणि वाढलेल्या ताटावरून उठू नये हा संस्कार मांजरांत माणसांपेक्षा खोल गेलेला आहे.

आम्ही केलेल्या पाहणीनुसार, कुंडी असलेल्या घरांपैकी निम्म्या घरांत मांजर आहे; उरलेल्या निम्म्या घरांत ते यायचं आहे. (पाहणीचं क्षेत्र: आमच्या इमारतीचे मजले, माझ्या कचेरीतला आवक-जावक विभाग आणि कोपऱ्यावरचा न्हावी. न्हाव्याकडे मांजर नाही, पण मत आहे.) मांजर कुंडी का उकरतं, असं विचारल्यावर बहुसंख्य लोकांनी ‘खोडच ती’ असं उत्तर दिलं. काहींनी ‘आमचं नाही उकरत’ असं सांगितलं. त्यांचे पडदे पाहून आम्ही पुढे विचारलं नाही. ‘मातीत काय आहे ते आधी बघा’ असं एकही जण म्हणाला नाही. म्हणून तो प्रश्न पाहणीतून वगळण्यात आला.

आमची कुंडी बैठकीच्या खोलीत, खिडकीच्या डाव्या अंगाला आहे. चांगली गुडघाभर उंच, मातीची, काठाला एक टवका गेलेली. तिच्यात रबराचं झाड. झाड आईचं. आईच्या थोरल्या बहिणीकडे, अक्कामावशीकडे, या झाडाचं मूळ झाड आहे. त्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून, आगगाडीत मांडीवर घेऊन आईने आणली. शेजारच्या बाईने विचारलं, “किती महिन्यांचं?” आई म्हणाली, “अजून मुळं फुटायचीत.” पुढचा सगळा प्रवास त्या बाईने आईला खिडकीची जागा दिली.

आई शिवणकाम करते. दुपारी मशीन थांबलं की ती ओल्या फडक्याने एकेक पान पुसते, आणि पुसताना ओळी जुळवते. या ओळी कोणासाठी नसतात. झाड ऐकतं तेवढं पुरे.

*पान पुसते पुसते, पानामध्ये कोण दिसे*
*थोरली माझी बहीण, पदर सावरून हसे*

अशा या झाडाची पानं अलीकडे पिवळी पडू लागली. पानामध्ये बहीण दिसायची ती अंधुक झाली. त्याच सुमारास कुंडीतली माती रोज सकाळी फरशीवर, पायपुसण्यावर आणि एकदा अण्णांच्या चपलेत आढळू लागली. संशयित एकच होती: भुरी. (मांजर, रंग नावाप्रमाणे, वय विचारू नये, धंदा अनिश्चित.) तिच्या नाकावर माती होती. आरोप वाचून दाखवल्यावर तिने तो नाकारला नाही, कबूलही केला नाही. ती खिडकीबाहेर बघत बसली. अण्णांच्या मते हीच सराईताची खूण.

अण्णा म्हणजे माझे वडील. न्यायालयात बेलिफ होते. आयुष्यभर लोकांना घराबाहेर काढल्यावर आता ते स्वतः घराबाहेर पडत नाहीत. डॉक्टरांनी त्यांची छाती ऐकली, कानातली नळी काढली आणि सिगारेट बंद म्हणून सांगितलं. अण्णांनी एका दिवसात सोडली. अशी माणसं आता राहिली नाहीत, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो, आणि अण्णा मान खाली घालून ते ऐकून घेतात. मग उठून खिडकीशी जातात, हवेसाठी.

माझी बायको एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. त्यामुळे घरातलं शिस्तीचं खातं तिच्याकडे, आणि आरोग्याचंही. रोज सकाळी ती मला पालेभाज्यांचा हिरवा रस देते. तो रस मी खिडकीशी उभा राहून घेतो, कारण तिथला उजेड चांगला असतो.

राहिली आमची लेक, टिल्ली. चौथीत आहे. तिचा चष्मा नुकताच शाळेत हरवला. कुठे, ते तिला आठवत नाही. नवा येईपर्यंत ती पुस्तक नाकाला लावून वाचते आणि जिना मोजत उतरते. भुरी तिची. म्हणजे भुरी कोणाची नाही, पण कोणी विचारलं तर टिल्ली पुढे येते.

घरात एकदा गुन्हेगार सापडला की बाकीच्या तपासाला फार सोयीचं होतं. आईचा निळ्या काठाचा कप कपाटातून नाहीसा झाला, तेव्हा तेही कलम भुरीवरच लावण्यात आलं. कप कपाटाच्या वरच्या फळीवर होता आणि कपाटाला कडी आहे. “मांजराच्या जातीला काही अशक्य नाही,” असं बायको म्हणाली, आणि शाळा चालवणाऱ्या बाईच्या तोंडून आल्यामुळे ते सर्वांना पटलं.

अशा वेळी अक्कामावशीचा फोन आला. रविवारी येते म्हणाली.

आईने फोन ठेवला आणि मशीनच्या स्टुलावर बसली. “ती चहाला थांबायची नाही. चपला काढल्या की थेट झाडापाशी. काय सांगू तिला? तुझ्या लेकराचं मी हे केलं?”

बायको म्हणाली, “आई, आता मात्र हद्द झाली. रविवारपर्यंत त्या मांजराने कुंडीला पुन्हा पंजा लावला, तर तिची रवानगी गिरणीत. भावाला सांगून ठेवते मी.”

बायकोच्या भावाची पिठाची गिरणी आहे. तिथे उंदीर मुबलक आहेत आणि माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. मांजराच्या दृष्टीने ही बढतीची बदली आहे, असं आम्ही टिल्लीला समजावून सांगितलं. टिल्लीने समजून घेतलं नाही. ती भुरीला मांडीवर घेऊन बाल्कनीच्या दारात बसली.

“भुरे, नको गं उकरू. रविवारपर्यंत तरी नको. तुला गिरणीत नेतील. तिथे नुसतं पीठ. तू पांढरी होशील, मग मी आले तरी मला ओळखू यायची नाहीस. आधीच मला लांबचं दिसत नाही.”

(ही समज पुरेशा अधिकृत भाषेत दिलेली नसल्यामुळे तिचा अंमल झाला नाही.)

तेव्हा एक गोष्ट स्पष्ट होती. भुरी घरात राहायची असेल तर कुंडी उकरली जाता कामा नये. आमची भुरीवर माया नाही असं कोण म्हणेल? आम्ही सगळे कामाला लागलो. त्या दिवसांत आमच्या घरात जी एकी दिसली, ती लग्नकार्यातही दिसत नाही.

पहिला मान संत्र्याच्या सालींना मिळाला. आंबट फळाचा वास मांजराला सोसत नाही, असं पुस्तकात आहे. घरात सर्वांनी संत्री खाल्ली. सकाळी खाल्ली, जेवणानंतर खाल्ली, नको असताना खाल्ली. अण्णांचा घसा बसला आणि मला स्वप्नात फोडी दिसू लागल्या. कुंडीवर सालींचा थर झाला. भुरीने पुस्तक वाचलेलं नव्हतं. तिने एकेक साल उचलून प्रत्येकाच्या उशीवर नेऊन ठेवली. माझ्या वाट्याला दोन आल्या. याचा अर्थ तिचा माझ्यावर विशेष लोभ आहे असा मी घेतला आणि ते कोणाला सांगितलं नाही.

मग नदीतले गोटे. आईने ते धुतले, उन्हात वाळवले, उतरंडीसारखे नीट रचले. भुरीने त्यांतला एकही हलवलेला कोणी पाहिला नाही. तरीही गोटे बाजूला सरकलेले दिसायचे. काही गोटे तर काठावर ओळीने, कोणीतरी काढून पुन्हा ठेवायला सोयीचे पडावेत असे लावलेले. मांजराची बुद्धी आपण समजतो त्याहून पुढे गेली आहे, असा निष्कर्ष निघाला.

त्यानंतर काट्याचमच्यातले काटे, दाते वर करून मातीत रोवले. कुंडी एखाद्या किल्ल्यासारखी दिसू लागली. भुरी त्या काट्यांमधून अशी चालली, जशी वऱ्हाडाच्या ओळींमधून करवली चालते. या उपायात जखमी झालेल्यांचा तपशील असा: अण्णा, अंगठा; बायको, तळहात; आई, दोन बोटं; टिल्ली, करंगळी. चौघांनीही ‘पानं पुसताना’ असं कारण दिलं. घरातल्या सर्वांना एकाच वेळी पानं पुसण्याची ओढ लागावी, हे झाडाचं भाग्य. मांजर, जखमा: निरंक.

मिरपूड झाली. ती मातीवर भुरभुरल्यावर त्या दिवशी घरात जो तो शिंकत होता. एकटी भुरी शिंकली नाही. उलट प्रत्येक शिंकेला ती डोळे उघडून त्या माणसाकडे बघायची आणि पुन्हा मिटायची. हजेरी घेत असावी तशी.

चंदेरी कागदाचा उपाय त्यातल्या त्यात शास्त्रीय. स्वयंपाकघरातला तो चकचकीत कागद मातीवर पसरायचा. पाय पडला की तो चरचरतो आणि मांजर दचकून पळतं. कागद चरचरला. सकाळी चरचरला, दुपारी चरचरला, सगळे जेवायला बसणार तेवढ्यात चरचरला. मात्र यांतल्या पुष्कळ वेळा भुरी टिल्लीच्या मांडीवर झोपलेली होती. वाऱ्याने झालं असेल, असं ठरलं. (खिडकी बंद होती. पण वाऱ्यालाही काही अशक्य नाही.)

शेवटी आईने आपली कला पणाला लावली. तिने कुंडीसाठी जाड कापडाचं झाकण शिवलं: घेरदार, आत अस्तर, काठाला नाडी, आणि नाडीला अशी गाठ की ती आईलाच सोडवता यावी. काम इतकं देखणं की कुंडी परकर नेसून उभी आहे असं वाटावं. या उपायाने माती पूर्ण झाकली जाणार होती, हे सर्वांनी मान्य केलं. आणि म्हणूनच की काय, घरातून पहिल्यांदाच विरोध झाला.

“मातीला हवा लागली पाहिजे,” बायको म्हणाली.

“बैठकीत परकर शोभत नाही,” अण्णा म्हणाले.

“झाडाला उकडेल,” टिल्ली म्हणाली.

मी म्हणालो की अशा निर्णयाचे दूरगामी परिणाम तपासून पाहावेत. एरवी आपलं शिवणकाम कोणी नाकारलं तर आई दोन दिवस बोलत नाही. या वेळी तिने झाकणाची घडी घातली आणि म्हणाली, “माझंही मन होतच नव्हतं.” ठराव सर्वानुमते फेटाळण्यात आला. कोणत्याही घरात सर्वानुमते काही झालं की तिथे थोडं थांबून विचार करावा, असं मला आता वाटतं.

रविवार उजाडला. बैठकीत फरशीवर माती होती. मातीत पावलं होती. पावलं सोफ्याकडे गेली होती आणि सोफ्यावर भुरी झोपली होती. एवढा सोपा पुरावा अण्णांना त्यांच्या सबंध नोकरीत मिळाला नसेल.

मेहुणा आधी आला. हातात झाकणाची वेताची टोपली, भुवयांवर पीठ.

“कुठाय आरोपी?” त्याने दारातूनच विचारलं. “चल गं बाई. भाडं नाही, जेवण फुकट, काम मात्र कसून.”

टिल्लीने भुरीला उचललं आणि फ्रॉकच्या आत कोंबण्याचा प्रयत्न केला. मांजर हे मांजराएवढंच असतं, फ्रॉकमध्ये मावत नाही. दोन कान आणि एक शेपूट बाहेर राहिली.

तेवढ्यात अक्कामावशी आली. चपला काढल्या, आणि आई म्हणाली होती तशी थेट झाडापाशी गेली. पिवळं पान हाताने उचलून धरलं, जसं आजारी पोराची हनुवटी धरतात. मग वाकली, चिमूटभर माती घेतली, चोळली, नाकाशी नेली. तिचं तोंड असं झालं की आईने मान फिरवली.

“ही माती नाही गं राहिली,” मावशी म्हणाली. “हिच्यात काहीतरी भलतंच आहे. बदलायला हवी. चला, कुंडी उलटी करा.”

त्यानंतर जे घडलं त्याचं वर्णन मी शक्य तितक्या तटस्थपणे करतो.

“आज नको,” अण्णा म्हणाले. “आज रविवार आहे.”

“रविवारी मातीला सुट्टी असते होय, भाऊजी?”

“अक्का, मुळं दुखावतील गं,” आई म्हणाली. “आधी चहा घे ना.”

“मावशी, फरशी कालच पुसलीय,” बायको म्हणाली.

“झाडाला राग येईल,” टिल्ली म्हणाली.

मी म्हणालो की हे काम रीतसर, सर्वांच्या सवडीने, पुढच्या आठवड्यात करता येईल. हवं तर मी स्वतः, एकटा, करीन.

मेहुण्याने टोपली खाली ठेवली. “काय गंमत आहे! उलटी करायचीय कुंडी, आणि चेहरे तुमचे उलटे झालेत. मावशी, धरा ती बाजू.”

गिरणीत पोती उचलणारा माणूस. त्याने फरशीवर जुनी चादर पसरली, कुंडी आडवी केली, बुडावर थाप मारली, आणि झाड मुळांसकट, मातीच्या गड्ड्यासकट, चादरीवर आलं. वरचा थर ढासळला.

पहिली बाहेर आली ती सिगारेटची थोटकं. एक नाही, दोन नाही. आंब्याला मोहोर यावा तशी.

आईने अण्णांकडे पाहिलं. “तुम्ही सोडली होती ना?”

“सोडलीच आहे,” अण्णा म्हणाले. “ही सोडण्याआधीची असतील.”

“सोडण्याआधीची, आणि सगळ्यांत वर?” मेहुणा म्हणाला. “अण्णा, पोत्यात जे शेवटी भरतात ते वर असतं.”

मावशीने बोटांनी माती विंचरली. निळ्या काठाचा एक तुकडा निघाला. मग दुसरा. मग कान. आईने तो कान उचलला, पदराने पुसला आणि त्यात बोट घालून पाहिलं. पूर्वीसारखंच बसलं.

“निचरा चांगला होतो, आई,” बायको म्हणाली. “बुडाशी खापऱ्या घालाव्यात असं असतं.”

“माझ्या कपाच्या?”

बायकोने तोंड उघडलं, पण ज्या आवाजाने ती शाळेचं सबंध मैदान शांत करते, तो आवाज तिला सापडेना. “धुताना निसटला. तुमचा जीव होता त्याच्यावर. सांगवेना.”

“म्हणून मांजरावर घातलास?”

“ती काही बोलत नाही ना, आई.”

तेवढ्यात टिल्लीने डोळे मिटून घेतले, आणि का ते सर्वांना लगेच कळलं. मावशीच्या हातात चष्मा होता. काचांवर ओली माती, एक काडी वाकडी. तो आमच्याकडे असा बघत होता, की जणू बराच काळ आतून सगळं वाचत होता.

“शाळेत हरवला होता ना?” बायकोने विचारलं. आता आवाज सापडला होता.

“भुरीने आणला असेल शाळेतून,” टिल्ली म्हणाली.

मेहुणा हसायला लागला, पण बहिणीने एकदा पाहिल्यावर त्याला खोकला आला.

“वर्गात सगळे मला आजीबाई म्हणतात,” टिल्ली म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते.

मग एक वास पसरला. मावशीने गड्डा थोडा फोडला. आत माशाची डोकी होती. काही पार हाडं झालेली, काही अजून ताजी, तोंडं उघडी. आमच्या घरात मासा येत नाही. बायकोला वासानेच मळमळतं, म्हणून तिच्या लग्नाच्या वर्षी आईने स्वतःहून मासा सोडला. तोही एका दिवसात. अशी माणसं आता राहिली नाहीत, हेही आम्ही पाहुण्यांना सांगतो.

“अगं, हे तर मीच सांगितलं होतं हिला!” अक्कामावशी म्हणाली. “आठवड्याला एक डोकं पुरलं की झाड कसं तरारतं. आमच्याकडे मी तेच करते.”

“कोळीण देते फुकट,” आई हळूच म्हणाली. “खाल्ला नाही हो मी. नुसता पुरला.”

“आणि आई,” मी विचारलं, “मांजर कुंडी का उकरतंय, हा प्रश्न तुला कधी…”

“मला वाटलं, तिला माती आवडते.”

(मातीच्या वरच्या थराला हिरवट रंग आला होता. त्याचं कारण आजतागायत स्पष्ट झालेलं नाही. सकाळचा रस मी न चुकता संपवतो. रिकामा ग्लास दाखवायला मी केव्हाही तयार आहे.)

फ्रॉकमधून उतरून भुरी चादरीपाशी आली. तिने थोटकं हुंगली, खापऱ्या हुंगल्या. माशाच्या डोक्यापाशी थांबली. एवढ्या दिवसांचा पाठपुरावा आता कुठे फळाला आला होता. पण तिने ते उचललं नाही. सर्वांच्या मधोमध बसून ती पंजा चाटू लागली. न्यायासनावर बसलेल्या माणसांना अण्णांनी जन्मभर पाहिलं होतं. ते नकळत उठून उभे राहिले.

कोणाला वाटेल, इथे मांजराची निर्दोष सुटका झाली असेल. असं ज्यांना वाटतं त्यांना घर म्हणजे काय ते ठाऊक नाही. निर्दोष माणसाला घरात ठेवणं सोपं असतं. ज्याला सगळं माहीत आहे त्याला ठेवणं कठीण. अण्णांनी घसा साफ केला. “ठरलं ते ठरलं. मांजराने कुंडी उकरली, हे तर खरंच आहे ना? न्याय म्हणजे न्याय.” बायकोने मान डोलावली. आईने कपाचा कान पदराच्या टोकाला बांधला आणि तिनेही डोलावली. माझी मान केव्हा डोलली ते माझ्या लक्षात आलं नाही.

मेहुण्याने टोपलीचं झाकण उघडलं.

तेव्हा टिल्ली टोपलीत जाऊन बसली. पाय दुमडून, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून. वेत करकरला.

“मलाही न्या,” ती म्हणाली. “मीही पुरलं होतं. भुरीने काहीच पुरलं नाही. तिने नुसतं काढलं.”

आमच्या घरात एकाच वेळी इतक्या जणांना फरशी इतकी निरखून पाहावीशी वाटल्याचं मला आठवत नाही. बायको उठली, चष्मा नळाखाली धुऊन आली. वाकडी काडी आपल्या बोटांनी सरळ केली आणि टोपलीत वाकून लेकीच्या कानांवर चढवली. टिल्लीने डोळे उघडले. पहिल्यांदा तिने भुरीकडे पाहिलं.

“हिच्या मिशा केवढ्या स्पष्ट आहेत!” ती म्हणाली.

तरीही बायको मुख्याध्यापिका आहे. एकदा दिलेली शिक्षा मागे घेण्याची पद्धत तिच्या शाळेत नाही. तिने भावाकडे पाहिलं. “हिला मी समजावते. तू मांजर घे.”

मेहुणा मात्र चादरीकडे बघत होता. थोटकं, खापऱ्या, हाडं, सगळं पुन्हा एकदा बघून झालं. त्याच्या भुवयांवरचं पीठ ओलं झालं होतं.

“ताई,” तो म्हणाला, “आमच्याकडे नको.”

“का रे? उंदीर आहेत ना?”

“उंदीर आहेत.” त्याने दोन्ही हातांनी टिल्लीला टोपलीतून उचलून बाहेर ठेवलं. “पण गॅलरीत दोन कुंड्याही आहेत.”

आणि चहासुद्धा न घेता तो गेला.

अशा रीतीने भुरी आमच्याकडे राहिली. दयेमुळे नव्हे, तिला घेणारं घर सापडेना म्हणून. अक्कामावशीने नवी माती भरली. मुळं पसरून बसवताना ती आणि आई दोघी वाकल्या होत्या, डोक्याला डोकं लागत होतं. या खेपेला ओळी मावशीने जुळवल्या:

*बहिणीच्या कुंडीत गं, हात घालू मी कशी*
*माझीच शिकवण, निघाली तळाशी*

झाडाला आता लालसर म्यानातून नवं पान येतंय, गुंडाळलेलं, टोकदार. माशाचं डोकं आता बशीत, बाल्कनीत, उघडपणे भुरीला मिळतं. बायको तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत नाक धरून बसते, पण घर सोडून जात नाही. अण्णा सिगारेट घेऊन जिन्यात उभे राहतात, वरच्या मजल्यावरचे लोक त्यांना डॉक्टरांची आठवण करून देतात, मग ते आत येतात. भुरी कुंडीजवळून जाते, काठ हुंगते आणि पुढे जाते. मातीत मातीच आहे. तिचं तिथे काही काम उरलेलं नाही.

तेव्हा, मांजरापासून कुंडी वाचवण्याचा खात्रीशीर उपाय असा: कुंडीत झाड लावावं, आणि झाडाखेरीज काही लावू नये. ज्यांना हा उपाय जाचक वाटेल, त्यांच्यासाठी साली, गोटे, काटे, मिरपूड आणि चंदेरी कागद आहेतच. घेरदार झाकण हवं असल्यास आई शिवून देईल, गाठ तुमच्या पसंतीची.

ज्या वाचकांच्या घरी मांजर आहे, त्यांनी हे सगळं का वाचलं ते आम्ही समजू शकतो. ज्यांच्या घरी मांजर नाही, कधी नव्हतं, आणि तरीही जे उपाय शोधत या ओळीपर्यंत आले आहेत, त्यांना एकच नम्रपणे विचारायचं आहे: कोणती कुंडी?